दुपट्यातला वरवंटा

रिकामा पाळणा हलवू नये, हे मी जितक्या लोकांना ओरडून सांगितलं तितक्यांना माझं नावसुद्धा ठाऊक नसेल. गाडीतून उतरायचे, काचेचं दार ढकलायचे, आतल्या गार हवेत 'अहाहा' करायचे आणि सरळ पाळण्यापाशी जायचे. गेले की एका बोटानं झोका. मी मागून धावत यायची, हातात पॉलिशची पुडी, कोपरापर्यंत लाखेचे डाग. "अहो ताई, हलवू नका! रिकामा हाय त्यो!" त्या दचकायच्या. त्यांना वाटायचं, महागाची वस्तू मोडेल म्हणून ही बया ओरडते.

सांगते नीट. नव्वदीची मधली वर्षं होती. पुणे-नाशिक रस्त्याला पेठजवळ एका बागायतदाराच्या मुलानं भारी फर्निचरचं शोरूम काढलं. आमच्या भागात तोवर फर्निचर म्हणजे लोखंडी कपाट आणि लग्नात आलेला पलंग. इथं पितळी कड्यांचे सागवानी झोपाळे, शिसवाच्या आरामखुर्च्या, वेताचं बारीक विणकाम, कोरीव चौकटीतले पुरुषभर उंचीचे आरसे, कधीच न लागणाऱ्या समया. गिऱ्हाईक सगळं गाडीवालं, नाशिककडं नाहीतर भीमाशंकरला निघालेलं. गावातली माणसं यायची ती नुसती बघायला, आणि देवळासारख्या दारात चपला काढून यायची. एक म्हातारबाबा तर मोठ्या आरशासमोर टोपी सरळ करून हात जोडून गेले. मालक पोटभर हसला, पण चपला काढू नका असं त्यानं कधी कुणाला सांगितलं नाही. फरशी स्वच्छ राहायची ना.

माझे वडील, म्हणजे आबा, तिथले मोठे मिस्तरी. आम्ही मूळ राजुरीचे सुतार. औतं, पाभरी, बैलगाड्यांची चाकं, दारं, पाळणे, सगळं आबांच्या हातचं. मग ट्रॅक्टर आले आणि आमच्या अंगणात मोडलेली औतं टेकवून ठेवायचं बंद झालं. आबा सकाळी उठून हत्यारांना धार लावायचे आणि संध्याकाळी तीच धार बोटानं बघून ठेवून द्यायचे. मालक त्यांचं नाव ऐकून स्वतः गाडी घेऊन घरी आला, तेव्हा आबा 'विचार करतो' म्हणाले खरे, पण तोवर पिशवीत रंधा भरून झाला होता. आम्ही पेठेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या.

आणि मी तिथं कशी? मी नांदून परत आलेली. जुन्नरच्या बाजूला दिलं होतं मला. सात वर्षं झाली, मूल नाही. नवस झाले, गंडेदोरे झाले, नारायणगावच्या डॉक्टरीणबाई झाल्या. मग एका दिवाळीला त्यांनी मला माहेरी आणून सोडलं. न्यायला कोणी आलंच नाही. महिनाभर आई एसटीच्या वेळेला उंबऱ्यात येऊन बसायची. पुढच्या दिवाळीच्या आत कळलं, त्यांनी दुसरी केली. रडले. खोटं कशाला बोलू? पण आबा त्यावर एक अक्षर बोलले नाहीत. ना त्यांना शिवी, ना मला धीर. एवढंच म्हणाले, "घरात बसून भिंतींशी बोलण्यापरीस कामाला ये. पॉलिशला हात कमी हाय."

मग मी पॉलिशवाली झाले. आधी घासायचा कागद मारायचा, जाडा, मग बारीक, मग त्याहून बारीक. मग स्पिरिटात विरघळवलेली लाख कापसाच्या पुडीनं लावायची, वाळू द्यायची, परत लावायची. पंधरा हात, वीस हात. लाकूड हळूहळू आतून उजळायला लागतं. आबा म्हणायचे, "लेकराला न्हाऊ घालत्यात तसं घालायचं. घाई केली की रडतं." आणि मग एकदम दुसरीकडं वळून रंधा उचलायचे. तोंडातून शब्द गेलेला असायचा ना. मी ऐकलंच नाही असं दाखवायची. सहा वर्षं आम्ही दोघं असं दाखवत राहिलो.

पहिल्याच वर्षी मालक म्हणाला, "मिस्तरी, हॉलच्या मधोमध असं काहीतरी पायजे की माणूस बघताक्षणी थांबला पायजे." आबा म्हणाले, "पाळणा करतो." आणि राजुरीहून फळ्या आणवल्या.

फळ्या टेम्पोतून उतरल्या तशा मी ओळखल्या. माझं लग्न झालं त्या वर्षी आबांनी त्या माळ्यावर टाकल्या होत्या. जुनं सागवान, एका पडलेल्या घराच्या तुळईतून कापून काढलेलं. आमच्याकडं लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि पाळणाही माहेरचा. सुताराच्या लेकीला तर सगळं गाव बघणार, बापानं काय करून दिलंय ते. आठ वर्षं त्या फळ्या माळ्यावर होत्या. दरवर्षी आई त्यांच्यावरची धूळ पुसायची, आणि पुसताना माझ्याकडं बघायची नाही.

"शोरूमसाठी हाय," आबा म्हणाले. मी विचारलं नव्हतं.

"बरं," मी म्हणाले.

चार महिने खपले त्या पाळण्यावर. चार कोपऱ्यांना चार पोपट, पण चौघांच्या माना वेगवेगळ्या. एक पाळण्यात डोकावणारा. आणि डोक्याकडच्या पट्टीवर काय कोरलं असेल? हरभऱ्याची डहाळी! घाटे टपोरे, एक घाटा उकललेला, आत दाणा. पुण्याच्या बाया विचारायच्या, "हे कुठलं डिझाईन हो? इराणी का?" इराणी कसलं डोंबलाचं. लहानपणी मी दुसऱ्यांच्या रानातले घाटे ओरबाडून खायची आणि रात्रभर पोट धरून बसायची, म्हणून सगळी राजुरी मला चिडवायची. तो पाळणा कोणाचा होता, हे त्या पट्टीवर लिहिलेलं होतं. फक्त वाचता येणारी माणसं तीनच. आई, आबा आणि मी.

आता खुंटीचं सांगते, कारण पुढचं सगळं त्या खुंटीनं केलं. आमच्या घराण्यात पाळण्याची शेवटची खुंटी सुतार आपल्या ओट्यावर ठोकत नाही. पायथ्याच्या कोपऱ्यातलं एक भोक मोकळं ठेवायचं, तिथं आतून सुतळी बांधायची, आणि बारशाच्या दिवशी त्या घरी जाऊन, बाळ बघून, मग खुंटी ठोकायची. बाळ आलं की पाळणा पुरा. तोवर तो पाळणा नाही, नुसतं लाकूड. राजुरीत आबांनी अशा कितीतरी खुंट्या ठोकल्या होत्या, नारळ आणि टोपी घेऊन यायचे. शोरूमच्या पाळण्यालाही त्यांनी सुतळीच बांधली. शिसवाची बोटभर खुंटी तासून, कागद मारून घेतली, फडक्यात गुंडाळली आणि हत्यारांच्या पेटीत ठेवून दिली. मालकाला सांगितलं, "ह्यो नमुना हाय. इकायचा न्हाई." का विकायचा नाही, ते सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे कोणासाठी ते सांगावं लागलं असतं. आबांनी आयुष्यात केलेली ती एकच मोठी चूक, आणि तशी चूक आबांसारख्याच माणसानं करावी.

पाळणा टांगला आणि लोकांचे झोके सुरू झाले. माझा जीव वर-खाली. रिकामा पाळणा हलवला की बाळाच्या जिवाला वाईट असं म्हणतात. बाळच नव्हतं तिथं, तर कोणाच्या जिवाला? असं मी स्वतःलाच विचारायची, आणि तरी धावायची. शेवटी वैतागून घरी गेले आणि आईचा वरवंटा उचलला. बारशाला नाही का आपण वरवंट्याला टोपडं घालून, बाळासारखा गुंडाळून पाळण्याच्या खालून-वरून फिरवत? मग तोच ठेवू. रिकामा म्हणून तर नको.

आई पाठीमागं लागली. "अगं ए, वरवंटा कुठं चाललीस घेऊन? चटणी काय कपाळावर वाटू?"

"नवा आणते तुला."

"पाट्याचा जोड मोडू नये गं बाई!" एवढं म्हणाली आणि मी ट्रंकेतून काय काढते ते तिनं पाहिलं. मग तिनंच ट्रंकेचं झाकण वर धरलं.

दुपटं काढलं होतं मी. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी शिवलेलं, आईच्याच मऊ झालेल्या लुगड्याचं, कडेला लाल काठ. सासरहून येताना ट्रंकेच्या तळाशी ते आलं होतं. वरवंटा त्यात गुंडाळला, एक टोक वरून पांघरलं, तोंडापाशी जरा मोकळं ठेवलं. असं ठेवायची काय गरज होती? दगडच तो. पण हातानं ठेवलं तसं.

सहा वर्षं तो तिथं निजला. मालकानं आधी कपाळाला हात लावला, मग गिऱ्हाइकं फोटो काढायला लागली तसा खूश झाला. मी रोज सकाळी धूळ पुसायची. बाकीच्या वस्तू फडक्यानं, पाळणा तळहातानं. मला तो पाळणा हवा होता. पाळणा म्हणजे पाळणा नव्हे, कळतंय ना तुम्हाला? मला मूल हवं होतं. नवरा नको होता, त्याचं घर नको होतं, ते सगळं केव्हाच विटलं होतं. पण झोपलेल्या लेकराचं वजन कसं लागतं हाताला, एवढं एक मला कळायला हवं होतं. दुसऱ्यांची घेतली की. आत्याबाई म्हणून सगळ्यांचीच घेतली. पण रडायला लागली की आईकडं द्यावी लागायची ना.

आम्ही सुतार अमावस्येला हत्याराला हात लावत नाही. त्या दिवशी कारखाना बंद. शोरूम मात्र चालू, मालकाला काय अमावस्या आणि काय पुनव. अशाच एका अमावस्येला मी आणि आबा राजुरीला देवाला गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी काचेचं दार उघडलं तर हॉलच्या मधोमध नुसत्या साखळ्या लोंबत होत्या.

मालक खाली मान घालून उभा. "मिस्तरी, मी न्हवतो हो दुकानात. जेवायला गेलो व्हतो. ह्या नव्या पोरीला म्हाईत न्हाई. एक गिऱ्हाईक बाई पाळण्यासाठी हटूनच बसल्या, ती तरी काय करणार?"

मी साखळ्यांकडंच बघत राहिले. आबांनी मात्र पहिला शब्द काढला तो, "खुंटी."

"कसली खुंटी?"

"ठोकल्याली न्हाई. सुतळीवर हाय त्यो. लेकरू घातलं आन त्यानं पाय झाडलं, तर कोपरा सुटंल."

"अहो मिस्तरी, शोपीस म्हणून नेलाय त्यांनी. त्यात कोण मूल घालतंय?"

आबांचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "पाळणा हाय त्यो! पाळण्यात लेकरू न्हाई घालायचं तर काय बटाटं भरायचं?"

बाईंचा बंगला घोडेगावच्या पुढं, डिंभ्याच्या पाण्याच्या कडेला होता. मालकानं फोन लावून बघितला, कोणी उचलेना. मग आबांनी पेटीतून खुंटी आणि हातोडी काढली, मी पर्स उचलली, आणि आम्ही एसटीनं निघालो. सगळ्या वाटेत आबा एकच गोष्ट बोलले, "त्यांच्यात लेकरू असंल तर बरं." मी खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्यात लेकरू नसावं, असं मला वाटत होतं. आज सांगते. तेव्हा मला असंच वाटत होतं, आणि वाटल्याची लाजही वाटत होती.

बंगला मोठा, शांत. बाई आमच्या आईच्या वयाच्या, पांढरे केस, सुती साडी. आम्ही चपला दारात काढल्या तर म्हणाल्या, "अहो असू द्या." तरी काढल्याच. पाळणा पाण्याकडच्या मोठ्या खिडकीत टांगला होता. आमच्या शोरूमपेक्षा तिथं छान दिसत होता, खोटं का बोलू. पाण्यावरून आलेलं ऊन पोपटांवर. आणि आत दुपट्यातला वरवंटा जसाच्या तसा.

आबा सरळ पायथ्याशी बसले, सुतळी चाचपली. "बाय, घरात लेकरू हाय का?"

"इथं कुठलं मूल? आम्ही दोघंच." बाई हसल्या. "मुलगा परदेशात. त्यांचं काही मुलाबिळांचं नाही म्हणतात. म्हटलं, निदान पाळणा तरी असू दे डोळ्यांसमोर."

आबांनी खुंटीचं सगळं समजावून सांगितलं. बाई म्हणाल्या, "मग आता ठोकून टाका की. आलाच आहात."

आबांनी हातात खुंटी धरली. एकदा बाईंकडं बघितलं, एकदा वरवंट्याकडं. मग खुंटी परत फडक्यात गुंडाळली. "न्हाई बाय. लेकरू आलं की सांगावा धाडा. कुठंबी असलो तरी येईन."

सांगावा कधी आला नाही. ती खुंटी आज माझ्या कपाटात आहे, आबांच्या चष्म्याशेजारी.

निघताना मी म्हणाले, "बाई, वरवंटा आमचा हाय. त्यो पाळण्यासंगं न्हवता. आईच्या पाट्याचा जोड हाय." माझा आवाज जरा कडकच निघाला. बाईंनी एवढी किंमत मोजली होती, नाही म्हणाल्या असत्या तर मी भांडणारच होते, कंबर कसूनच उभी होते. पण त्या म्हणाल्या, "हो गं, न्यायला हवाच. मी त्याला हात लावला नाही. कुणाचं तरी निजलेलं वाटलं." आणि आत निघून गेल्या. भांडायला आलेल्या माणसाशी कोणी असं बोलू नये. मी वरवंटा उचलला आणि दुपट्याचं टोक नीट केलं.

पाळण्याला मी हात लावला नाही. लावला असता तर तिथून हलले नसते.

परतीची एसटी भीमाशंकरहून आलेली, चिक्कार भरलेली. कंडक्टरनं आत लोटलं. माझ्या छातीशी दुपट्यात वरवंटा, एक हात खालून, एक वरून. दगड कसा धरणार दुसरा? पिशवीत टाकला असता तर पिशवी फाटली असती. पुढच्या बाकावरची एक म्हातारी माझ्याकडं बघून लगबगीनं सरकली. "ये गं माय, बस हितं. लेकराला घिऊन कुठं उभी ऱ्हातीस."

मी बसले. नाही, आजी, दगड आहे, असं सांगायला तोंड उघडलं होतं. देवाशपथ उघडलं होतं.

"निजलंय व्हय?" म्हातारी कौतुकानं म्हणाली. "किती म्हैन्याचं?"

आबा माझ्या शेजारीच उभे होते, वरचा दांडा धरून. त्यांनी ऐकलं होतं. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. मांडीवर वजन होतं, लुगड्याच्या मऊ कापडातून ऊब लागत होती. माझीच असणार ती, दगडाला कुठली.

"पाच," मी म्हणाले.

"पोरगा का पोरगी?"

"पोरगी."

"लक्ष्मी हाय गं. निजू दे निजू दे."

आणि मग माझे आबा, ज्यांनी सहा वर्षांत, सहा काय, चौदा वर्षांत त्या गोष्टीवर तोंडातून एक शब्द काढला नव्हता, ते वाकले आणि खिडकीजवळच्या माणसाला म्हणाले, "पावणं, काच लावा जरा. वारा लागतोय लेकराला."

त्यानं काच लावली.

घोडेगाव गेलं, मंचर गेलं. मी दुपट्याचं टोक धरून बसले होते आणि डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. पेठेला उतरताना आबा आधी खाली उतरले आणि दोन्ही हात वर केले. "आण हिकडं." मी दिला. त्यांनी एक हात खाली घातला आणि दुसरा डोक्याकडं धरला.

घरी आई वाटच बघत होती. पाटा धुऊन ठेवलेला, मिरच्या, लसूण, मीठ काढून ठेवलेलं. सहा वर्षांनी जोड जुळणार होता बाईचा. "आण, धुते," म्हणून तिनं हात पुढं केला.

आबा चपला काढत होते. वर न बघताच म्हणाले, "आजच्या दिस ऱ्हाऊ दे तिच्यापाशी."